आनंदा खराडेची पकड

नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या बाहेर, गोदामांच्या रांगा संपतात तिथे आमच्या रग्बी लीग क्लबचं मैदान होतं. खरं तर फुटबॉलवाल्यांच्या जागेतला उरलेला तुकडा. कॅन्टीनही त्यांचंच, शनिवारी दुपारपुरतं आम्हाला मिळायचं. त्या कॅन्टीनच्या एका भिंतीवर तेरा फोटो लावलेले आहेत. क्लबचे आजवरचे सर्वोत्तम तेरा खेळाडू. बारा चेहरे गोरे, रुंद जबड्यांचे, एकदोघांची नाकं मोडून वाकडी बसलेली. आणि वरच्या रांगेत मधोमध एक सावळा, जाड मिशीचा माणूस, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा ताठ. खाली नाव लिहिलंय, आनंदा खराडे.

त्या माणसाला त्या क्लबात मी नेलं. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलंय, आणि सांगताना माझ्या आवाजात अभिमान असतो असं ऐकणाऱ्यांना वाटतं. मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

मी आइंडहोवनला सेमिकंडक्टरच्या एका कंपनीत होतो. कोथरूडमध्ये वाढलेला, इंजिनिअरिंगला असताना वर्षभर रग्बी खेळलेला. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात एकटेपणाने जीव नकोसा झाला तेव्हा हा क्लब सापडला. रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा जणांची रग्बी. चेंडू छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी पाडायचं, पडलेल्याने उठून पुन्हा खेळ सुरू करायचा. सहा वेळा पाडलं गेलं की चेंडू त्यांचा. नेदरलँड्समध्ये हा खेळ फारसा कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे येईल त्याला घेत. मला घेतलं. तीन मोसम मी राखीव बाकावर काढले. मधूनमधून शेवटची दहा मिनिटं कडेला उभं राहायला मिळे. ईमेल चांगले लिहितो म्हणून मला सेक्रेटरी केलं. पण मी त्या क्लबातला एकुलता एक भारतीय होतो. ‘आमचा इंडियन’ म्हणून टेरी, आमचा कोच, पाहुण्या संघाशी माझी ओळख करून द्यायचा. त्या दोन शब्दांवर मी तीन वर्षं खूश होतो.

माझ्या टीममध्ये रूपाली खराडे म्हणून एक हुशार मुलगी आली. सांगलीची. एकदा कॉफीच्या मशीनपाशी ती म्हणाली, “निखिल, आमच्या ह्यांना कुठेतरी घेऊन जा ना. सहा महिने झाले, घरात बसून आहेत. मी डिपेन्डन्ट व्हिसावर आणलंय त्यांना, पण त्यांना वाटतं मी डब्यात घालून आणलंय.”

मी त्यांच्या घरी गेलो. दार आनंदानेच उघडलं, पीठ लागलेल्या हातांनी. बुटका, म्हणजे माझ्या खांद्याला लागेल इतकाच, पण मान आणि मांड्या बघितल्यावर माणूस दोन पावलं मागे सरेल. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. आधी पायांकडे बघितलं. ती त्याची सवय होती. कुणीही भेटो, पहिली नजर पायांवर. मी नंतर कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “तोंडाकडं बगून मानूस कुठं पळनार ते कळत न्हाई. पायाकडं बगायचं.”

वाळवा तालुक्यात तो कबड्डी खेळायचा. डावा कोपरा. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडून त्याला जागच्या जागी बसवणं हे त्याचं काम. “बारा वर्सं एकच काम केलंय निखिलराव. घोटा. आमच्या तालुक्यात म्हनायचे, खराड्याच्या हातात घोटा आला म्हंजे गडी घरी सांगून यावा.” हे तो अगदी सहज सांगे. बढाई मारताना त्याला जराही संकोच वाटत नसे. हॉलमध्ये सोफा असून खाली सतरंजीवर मांडी घालून बसे आणि बोलता बोलता स्वतःच्या पावलांना खोबरेल चोळत राही. रूपाली भाकरी खाता खाता म्हणाली, “ह्यांना कुणीतरी पाडायला द्या बाबा.”

मला दया आली होती. ते आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात दयेचा भाग लवकरच संपला.

पहिल्या सरावाला टेरीने सगळ्यांना बचावाच्या ओळीत उभं केलं. टेरी उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, लग्नामुळे इकडे ब्राबांट प्रांतात येऊन पडलेला. त्याचं इंग्रजी समजायला मला तीन वर्षं लागली होती. आनंदाला इंग्रजी येतच नव्हतं, म्हणून मी मध्ये उभा राहून दुभाषाचं काम करत होतो. आनंदाच्या शेजारी योस्ट होता, आमचा कॅप्टन, सहा फूट चार इंच. टेरीने शिट्टी वाजवली आणि आनंदाने निमूटपणे हात लांब करून योस्टचा हात हातात घेतला.

सगळे थांबले. योस्टने आपल्या हाताकडे बघितलं. मी ओरडलो, “आनंदा, हात सोड! कबड्डी नाही ही!”

“मग साखळी कशी करायची?” तो म्हणाला. हात सोडला नाही.

योस्ट हसला. त्यानेही हात सोडला नाही. उलट दुसऱ्या बाजूच्या माणसाचा हात धरला. त्यानंतर क्लबात ती रीतच पडली. सामना सुरू व्हायच्या आधी आमचे तेरा जण हात धरून ओळीत उभे राहत. पाहुणे संघ गोंधळून बघत राहत. मी बाकावर बसून बघत असे.

त्याच दिवशी त्याने योस्टला पाडलं. योस्ट चेंडू घेऊन नेहमीसारखा सरळ आला. बाकीचे त्याच्या कमरेला लटकत आणि फरफटत जात. आनंदा वाकला, एका हाताने घोटा धरला आणि स्वतः मागे बसला. एवढंच. योस्ट पुतळा पडावा तसा पडला. टेरीने तोंडातली शिट्टी काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “हा तुला कुठे सापडला?”

हा प्रश्न पुढे तीन वर्षं मला लोक विचारत राहिले. माझ्याबद्दल त्यांनी विचारलेला तो एकमेव प्रश्न.

महिन्याभरात तो पहिल्या तेरांत आला. पळताना तो तोंडातल्या तोंडात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचा. डच पोरांना वाटे काही मंत्र आहे. कुणीतरी मला विचारलं, ही कुठली प्रार्थना? मी खरं सांगितलं. ते ऐकून ते जास्तच भारावले. टेरीशी त्याचं बोलणं माझ्याशिवाय व्हायला लागलं. टेरी यॉर्कशायरीत बोले, आनंदा वाळव्याच्या मराठीत उत्तर देई आणि दोघं माना डोलवत. एकदा मी भाषांतर करायला गेलो तर टेरीने हात वर करून मला गप्प केलं. “समजलं मला,” तो म्हणाला.

कॅन्टीनमध्ये विल्मा नावाच्या बाई होत्या. सामना झाल्यावर बिअर आणि तळलेलं काहीतरी देत. मी शाकाहारी. तीन वर्षं मी त्यांना विनवलं होतं की मांस नसलेलं एखादं तरी ठेवा. “बघू,” असं त्या म्हणत. आनंदा बिअर पीत नसे. एका शनिवारी तो माझ्याकडे धावत आला, हातात सुपरमार्केटचा एक पुठ्ठ्याचा डबा. कार्नेमेल्क.

“निखिलराव, ह्ये ताक हाय!”

“हो. माहितीये.”

“म्हाईत हाय? ह्या देशात ताक मिळतंय आन तुमी मला सांगितलं न्हाई?”

इतका दुखावलेला चेहरा मी त्याचा फार कमी वेळा पाहिला. त्याने विल्माबाईंकडून मीठ मागून घेतलं, हाताने अभिनय करून, आणि ग्लासात घालून त्यांनाच प्यायला दिलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, मग आणखी एक घोट घेतला. पुढच्या शनिवारी फ्रिजमध्ये दोन डबे होते, वर त्याचं नाव लिहिलेलं. ‘अनान्डा.’ मी त्या दिवशीही ब्रेड आणि केचप खाल्लं.

हे क्षुल्लक आहे हे मला कळतं. पण हेवा मोठ्या गोष्टींवर पोसला जात नाही. मी माझं घर, पगार, इंग्रजी, सगळं त्याच्या शेजारी ठेवून बघत असे आणि प्रत्येक गोष्टीत माझंच पारडं जड असे. तरी शनिवारी दुपारी मी घरी येई तो रिकामा होऊन. माझी बायको मेधा एकदा सामना बघायला आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. परतताना ट्रेनमध्ये म्हणाली, “किती सुंदर पाडतो रे तो! दुखवत नाही कुणाला.” आणि मग जरा वेळाने, “तू पण छान बसला होतास.” तिने ते चिडवायला म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

त्याच्या दुसऱ्या मोसमात टेरीने एक गोष्ट जमवली. उत्तर इंग्लंडमधल्या त्याच्या जुन्या ओळखीच्या एका व्यावसायिक क्लबात आमच्या भागातले काही खेळाडू आठवडाभर सरावाला जाणार होते. टेरीने आनंदाच्या टॅकलचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तिथे पाठवला होता. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “ते त्याच्यासाठीच हो म्हणालेत. त्याला सांग, व्हिसा लागेल, शुक्रवारपर्यंत कागद दे म्हणावं. मी पत्र देतो.”

मी त्या संध्याकाळी आनंदाच्या घरी गेलो. रूपाली ऑफिसच्या कॉलवर होती, आतल्या खोलीत. तो पावलांना तेल चोळत बसला होता.

मी सगळं सांगितलं. म्हणजे इंग्लंड, क्लब, आठवडा. त्याचे डोळे मोठे झाले. मग मी म्हणालो, “पण व्हिसाचं अवघड आहे. तू डिपेन्डन्ट. नाकारला तर पासपोर्टवर राहतं ते. रूपालीच्या परमिटचं पुढच्या वर्षी नूतनीकरण आहे ना? उगाच तिच्या कागदात काही अडकायला नको.”

यातलं एकही वाक्य मला पक्कं ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नव्हता.

तो बराच वेळ तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला. “रूपालीला काय होनार नसंल तर बगितलं असतं,” तो म्हणाला. “न्हाई, ऱ्हाऊ दे मग. तिनं लई कष्टानं मिळवलंय.”

टेरीला मी कळवलं की त्याला यायचं नाहीये. घरगुती कारण. टेरी चुकचुकला. मग मी म्हणालो की ऑफिसच्या कामामुळे माझ्याकडे इंग्लंडचा व्हिसा आहेच, जागा रिकामी जात असेल तर. टेरीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बोललोय हे त्याला उशिरा कळलं. “बरं,” तो म्हणाला.

मी गेलो. पहिल्या दिवशी तिथला कोच यादी हातात घेऊन आमच्या रांगेपुढून चालला. एकेकाशी हात मिळवला. शेवटी त्याने विचारलं, “तो घोटेवाला कुठाय?” कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, मी भारतीय म्हणून. त्याचा चेहरा उजळला. पहिल्याच टॅकलला माझ्या हातातून त्यांचा एक अठरा वर्षांचा पोरगा वाऱ्यासारखा निसटला आणि कोचने पुन्हा यादी बघितली. उरलेले पाच दिवस मी मैदानावर सरावाचे शंकू मांडले आणि उचलले.

परत आलो तेव्हा आइंडहोवनच्या स्टेशनवर आनंदा उभा होता, सायकल घेऊन. त्याला गाडीची वेळ रूपालीने सांगितली असावी. माझी बॅग त्याने सायकलवर ठेवली.

“सांगा,” तो म्हणाला.

“काय सांगू?”

“सगळं. मैदान कसं हुतं? गवत केवढं? पडल्यावर लागतं का न्हाई?”

मी सांगितलं. गवत आपल्या मैदानापेक्षा बारीक, खालची माती मऊ. तो प्रत्येक गोष्टीला “ब्येस” म्हणत होता. त्यांचे खेळाडू किती उंच, पाय कसे टाकतात, वळायच्या आधी कुठला खांदा खाली जातो. मला आठवत नव्हतं, मी बघितलंच नव्हतं. मी मनाने रचून सांगत होतो आणि तो सायकल ढकलत रस्त्यावरच ते खांदे, ते पाय करून बघत होता.

“तुमी किती पाडलं?”

“दोघं.”

“ब्येस!” त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याला खरोखर आनंद झाला होता. आणि मला काय वाटलं ते लिहितो: मला त्या आनंदाचाही हेवा वाटला. मी त्याच्या जागी असतो तर स्टेशनवर आलोच नसतो.

हे फुटलं ते उन्हाळ्यात, योस्टच्या घरच्या बार्बेक्यूला. योस्टच्या बायकोने रूपालीला सहज विचारलं, आनंदाला इंग्लंडला का जायचं नव्हतं? सोमवारी रूपाली माझ्या डेस्कपाशी आली.

“तू टेरीला काय सांगितलं होतंस?”

“काहीतरी गैरसमज झाला असेल.”

“मी चौकशी केली निखिल. माझ्या परमिटचा काही संबंधच नव्हता. नुसता अर्ज करायचा होता. माझं नाव घालून थांबवलंस तू त्यांना.” ती ओरडली नाही. त्यानंतर ती माझ्यासोबत कधी जेवायला बसली नाही.

पुढच्या सरावाला जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण सेक्रेटरी म्हणून किल्ली माझ्याकडे होती. आनंदा नेहमीसारखा आला, माझ्या पायांकडे बघितलं, वर बघितलंच नाही. टॅकलच्या सरावात जोड्या पाडतात: एकाने चेंडू घेऊन पळायचं, दुसऱ्याने पाडायचं. त्याची जोडी नेहमी योस्टशी. त्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“घ्या चेंडू,” तो म्हणाला.

मी पळालो. घोट्याला त्याच्या बोटांचा विळखा बसला आणि जमीन वर आली. लागलं नाही. मेधा म्हणाली होती तसंच, तो दुखवत नसे. त्याने हात देऊन मला उठवलं.

“पळा.”

पुन्हा पडलो. पुन्हा हात. “उठा. पळा.” मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, एकदा थांबून वळलो. माझे पाय कुठे जाणार ते माझ्याआधी त्याला कळत होतं. बाकीच्या जोड्या हळूहळू थांबल्या. टेरी बघत होता, पण त्याने शिट्टी वाजवली नाही. तोंडात माती गेली होती.

“आनंदा, ऐक तरी—”

“उठा निखिलराव. पळा.”

शेवटी मी उठलो नाही. तसाच पालथा पडून म्हणालो, “मी खोटं बोललो. टेरीशी पण आणि तुझ्याशी पण. मला जायचं होतं.”

तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. “म्हाईत हाय,” तो म्हणाला.

“मग हे काय?”

“तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं. झालं माझं.” आणि हात पुढे केला.

त्याचं खरंच झालं. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही, टोमणा नाही, कॅन्टीनमध्ये माझ्याच शेजारी बसून ताक पीत असे. माझं मात्र झालं नाही. माणूस माफ करतो तेव्हा आपण सुटतो असं म्हणतात. मला तर आणखी एका गोष्टीत तो माझ्या पुढे गेलेला दिसला.

क्लबाला दहा वर्षं झाली तेव्हा टेरीने ठरवलं की आजवरचे सर्वोत्तम तेरा निवडायचे आणि त्यांचे फोटो भिंतीवर लावायचे. प्रत्येक सभासदाने तेरा नावं चिठ्ठीवर लिहून द्यायची, नाव न घालता. सेक्रेटरी या नात्याने चिठ्ठ्या उघडायच्या त्या मी. मी सुचवलं होतं की चार मोसम खेळलेल्यांनाच धरावं. आनंदाचा तेव्हा तिसरा चालू होता. टेरीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नाही अशी.

चिठ्ठ्या उघडल्या. एक चिठ्ठी देवनागरीत होती. तिच्यावर सही नव्हती, पण त्या क्लबात देवनागरी लिहिणारे-वाचणारे आम्ही दोघंच होतो. पहिली ओळ: ‘१. आनंदा खराडे (मी).’ पुढे बारा नावं, अत्यंत विचारपूर्वक निवडलेली. माझं नाव त्यात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. तरी मी ती चिठ्ठी दोनदा वाचली.

आनंदाचं नाव सगळ्या चिठ्ठ्यांत होतं. एक सोडून. ती एक माझी. मी त्याच्याऐवजी फार पूर्वी क्लब सोडून गेलेल्या एकाचं नाव लिहिलं होतं.

शनिवारी कॅन्टीन भरलं होतं. टेरी खुर्चीवर उभा राहून मी दिलेल्या मतमोजणीच्या कागदावरून एकेक नाव वाचत गेला. शेवटी म्हणाला, “आणि एक माणूस असा, ज्याचं नाव प्रत्येकाने लिहिलं. एकाने सोडून.”

मी हातातल्या ग्लासाकडे बघत होतो. मग योस्टने टेबलावर मूठ आपटली. “अर्थात! स्वतःचं नाव कसं लिहील तो!” सगळे वळून आनंदाकडे बघायला लागले. विल्माबाईंनी डोळे पुसले. आणि टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या त्या कॅन्टीनमध्ये मी कधी ऐकल्या नाहीत. एवढा खेळाडू, आणि एवढा नम्र!

शेजारच्याने त्याला इंग्रजीत आणि खाणाखुणांनी काय झालं ते समजावलं. आनंदाने हात जोडले. मग टाळ्या चालू असतानाच तो गर्दीतून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “निखिलराव, मी तर माझं नाव पयलंच लिवलं हुतं.”

“माहितीये. वाचलं मी.”

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. मग पहिल्यांदा, मला आठवतं त्याप्रमाणे पहिल्यांदाच, सरळ तोंडाकडे.

“असू द्या,” तो म्हणाला. “लोकं टाळ्या वाजवायल्यात, वाजवू द्या.” आणि मिशीवरून हात फिरवत परत जाऊन उभा राहिला, ताठ.

त्याच मोसमात त्याचा गुडघा गेला. कुणी पाडलं नव्हतं. एकटाच पळत होता, मैदानातल्या एका खड्ड्यात पाय वळला आणि बसला. आम्ही धावलो. तो गुडघा धरून विचारत होता, “कोन हुतं? कुनी पाडलं?” कुणी नव्हतं असं मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. दुखण्यापेक्षा त्याला ते जास्त लागलं होतं. त्याला उचलून बाहेर नेलं आणि टेरीने माझ्याकडे बोट केलं. त्याच्या जागी मी आत गेलो. मला आत जाताना बरं वाटलं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वीस मिनिटं खेळलो, दोनदा चेंडूला हात लागला, आम्ही हरलो.

ऑपरेशन झालं. पुन्हा खेळायचं नाही असं सांगितलं. तरी तो कुबड्या घेऊन मैदानाच्या कडेला येत राहिला आणि “घोटा! घोटा!” असं ओरडत राहिला. पुढे पुढे योस्ट आणि मंडळीही एकमेकांना तेच ओरडायला लागली. मग रूपालीला अ‍ॅमस्टरडॅमकडे चांगली नोकरी लागली आणि ते आल्मेरेला राहायला गेले. तिकडे घरं मोठी आणि परवडणारी. मुलगी झाली. आनंदा मुलीला सांभाळून अर्धा दिवस एका गोदामात कामाला जाऊ लागला.

मी त्यांच्याकडे एकदाच गेलो. परत भारतात जायचं माझं ठरलं होतं, निरोप घ्यायला. फेब्रुवारी होता आणि त्या वर्षी कालवे गोठले होते. रूपालीने जेवायला वाढलं. ती माझ्याशी बोलली, मोजकंच पण नीट. मुलगी डचमध्ये बडबडत होती आणि आनंदा तिला वाळव्याच्या मराठीत उत्तर देत होता. निघालो तेव्हा तो म्हणाला, “चला, ठेसनापत्तर येतो.”

अर्ध्या वाटेत कालवा लागला. अख्खी वसाहत बर्फावर उतरली होती. खालून कुणीतरी हाक मारली, “अनान्डा!” एका शेजाऱ्याने स्केट्सची जोडी वर धरून दाखवली.

“गेले तीन दिस शिकतोय,” तो मला म्हणाला. “रूपालीला सांगू नका. गुडघ्यावरनं बोलती.” त्याने माझा हात घट्ट धरून हलवला, “तुमी व्हा म्होरं निखिलराव. उजेड हाय तवर करून घेतो. पोचल्यावर फोन करा,” आणि उतारावरून खाली गेला. बस. एवढाच निरोप. त्याच उन्हाळ्यात ते कॅनडाला गेले. फोन होतात, अजून होतात, पण बघणं म्हणाल तर तेच शेवटचं.

स्टेशनकडे जायला कालव्यावरचा पूल ओलांडावा लागतो. मी वर जाऊन थांबलो. इथली लहान मुलं स्केटिंग शिकताना स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत जातात, तोल सांभाळायला. आनंदानेही एक खुर्ची धरली होती. आजूबाजूला पाच-सहा वर्षांची पोरं, मध्ये हा मिशीवाला. तो पडला. उठला. पुन्हा पडला, बसल्या बसल्या हसला. एका मुलीने त्याला पाय कसा टाकायचा ते दाखवलं. तो तिच्या पायांकडे लक्ष देऊन बघत होता.

मग त्याने खुर्ची सोडली.

मी कठडा धरून उभा होतो. तो पडावा असं मला वाटत होतं, आणि पडू नये असंही, आणि दोन्हींत कुठलं जास्त होतं ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी हाक मारली, “आनंदा!”

त्याने वर बघितलं. दोन्ही हात वर करून हलवले. पडला नाही. तसाच हात वर धरून, वेग घेत, पुलाखाली शिरला. मी धावत रस्ता ओलांडून दुसऱ्या कठड्यापाशी गेलो. तो बाहेर आला तो पाठमोरा, हात आता खाली, गुडघ्यात किंचित वाकलेला. आणि सरळ लांब जात राहिला. मागे बघितलं नाही.